आबांच्या अंगी लागलं

शलाकाच्या अंगावरून जी पहिली चरबी उतरली ती सरळ भिंतीवरच्या आबांच्या फोटोत गेली. सकाळी हार बदलताना ते अक्काताईंच्या लक्षात आलं. आबांचे गाल भरले होते.

आबा म्हणजे अक्काताईंचे यजमान. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. जिवंतपणी माणूस असा, की सदरा अंगात घातलाय की दोरीवर वाळत घातलाय ते जवळ जाऊन बघावं लागे. फोटोही तसाच निघाला होता. छातीपर्यंतचा, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि दोन्ही गालांत एकेक सुपारी मावेल एवढे खड्डे. त्या सकाळी खड्डे नव्हते. अक्काताईंनी काच पुसली, मग चष्मा पुसला, परत बघितलं. आबा नुकतेच पोटभर जेवून उठल्यासारखे दिसत होते.

"शलाके," त्यांनी सुनेला हाक मारली. "काल काय केलंस तू?"

"दोरीवरच्या उड्या, आत्ती." शलाका सासूला आत्ती म्हणायची.

"काही उतरलं का?"

"कमरेचं थोडं. सलवारीची नाडी सैल झालीय."

"इकडं ये. कुठं गेलंय ते बघ."

शलाका हात पुसत आली. तिनं फोटोकडं नीट बघितलं. "आबांना शोभतंय," म्हणाली आणि चहा गाळायला परत गेली.

लग्न होऊन जयसिंगपुरात आली तेव्हा शलाका शेवग्याची शेंग होती. मग घरचं दूध, घरचं तूप, आणि दुपारची झोप. अक्काताई कुणाचं ऐकून न घेणाऱ्या आणि ऐकवल्याशिवाय न राहणाऱ्या. "दारातून आधी पोट येतं, मागनं सून येते," असं त्या आल्यागेल्यासमोर म्हणायच्या.

"मग पोटाला तरी वाट द्या, आत्ती," शलाका म्हणायची. "तुम्ही सगळा दरवाजा अडवून बसलाय."

सासूला असं तोंडावर बोलणारी अख्ख्या गल्लीत दुसरी नव्हती. अक्काताईंना राग यायचा. तो राग त्यांना दिवसभर पुरायचा, आणि त्यात दिवस चांगला जायचा.

शेवटी शलाकानंच मनावर घेतलं. जिमला जाते म्हणाली, तर अक्काताई म्हणाल्या, चार पोरं आरशात बघणार, त्यातली दोन तुला बघणार, घरात काय जागा कमी आहे? तेव्हा मोबाइलवर शिकवणारी एक बाई तिनं शोधली, निळी चटई मागवली, लाकडी मुठीची दोरी आणली. चटई आली त्या दिवशी घरी म्हाळ होता, म्हणजे पितृपंधरवड्यातलं आबांच्या नावाचं जेवण. गुरुजी जेवून गेले होते. कावळा शिवला होता. शलाकानं हॉलमध्ये चटई पसरली.

"आजच कशाला?" अक्काताई म्हणाल्या.

"आज नाही तर कधीच नाही."

"मग रीतीनं कर. ह्या घरात उपास असो, पारायण असो, कुणाच्या तरी नावानं पाणी सोडल्याशिवाय सुरू होत नाही."

"व्यायामाला कसलं आलंय पाणी?"

"कष्टच ना ते? कष्ट कुणाच्या तरी नावावर घालायचे असतात. नाहीतर वाया जातात."

"बरं, माझ्याच नावानं सोडते."

"स्वतःच्या नावानं माणूस फक्त जेवतो," अक्काताई म्हणाल्या, आणि त्यांनी हनुवटीनं फोटो दाखवला.

गुरुजींच्या पुढ्यातलं ताम्हण अजून तिथंच होतं. त्यात तीळ होते, पळीत पाणी होतं. कटकट मिटावी म्हणून शलाकानं तळहात पुढं केला, सासऱ्यांचं नाव घेतलं, तिळावरून पाणी सोडलं आणि उड्या मारायला लागली. असं ते झालं.

गाल भरलेले बघून अक्काताईंना वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. काडीसारखा नवरा घेऊन त्या जन्मभर लग्नाकार्यात मिरवल्या होत्या. त्या स्वतः भारदस्त. खुर्चीत बसल्या की खुर्ची दिसायची नाही. दोघं शेजारी उभे राहिले की लोक आबांच्या हातात पिशवी द्यायचे. आता समोरच्या सुलोचनावहिनी हळदीकुंकवाला आल्या आणि फोटोपुढं थबकल्या.

"अगंबाई, आबा असे राजबिंडे होते होय?"

"तुम्ही बघितलं नव्हतं नीट," अक्काताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून व्यायाम कुठला करायचा ते अक्काताई ठरवू लागल्या. फोटोसमोर खुर्ची टाकून त्या बसायच्या आणि शलाकाला सांगायच्या. चालायला जाणं त्यांनी पहिल्यांदा बंद केलं. चालण्यातलं निम्मं वाटेतच सांडायचं. गल्लीतली कुत्री गुबगुबीत झाली होती, आणि फोटोपर्यंत जेमतेम चिमूटभर पोचायचं. उड्यांचं चेहऱ्याला जायचं. हातांवर जोर घेऊन उठायच्या प्रकारानं खांदे यायचे. सूर्यनमस्कार सगळीकडं सारखे जायचे, पण दिसायला वेळ लागायचा, आणि अक्काताईंना धीर नव्हता.

"मानेचं काहीतरी काढ. टोपी नुसती डोक्यावर ठेवल्यासारखी दिसतीय."

"आत्ती, व्यायाम माझा चाललाय की आबांचा?"

"तुझं कमी होतंय ना? मग कुठं का जाईना."

हे खरं होतं. शलाकाचं कमी होत होतं. नव्या मापाचे ड्रेस शिवून आले, ती आरशासमोर वळून वळून बघायची, आणि दोघी बायका आपापल्या जागी खूश होत्या. मोबाइलमधली बाई म्हणाली, चरबी जाळायची तर शरीरातले मोठे स्नायू कामाला लावा, मांड्या कामाला लावा, बैठका मारा. अक्काताईंना ते पटलं. त्यांच्या माहेरी तालीम होती. बैठकांचं बळ त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

"बैठका काढ," त्या म्हणाल्या. "बघू कुठं जातंय."

शलाकानं बैठका काढल्या. घामानं चटई भिजली. फोटोत मात्र काही फरक दिसेना. दुसऱ्या दिवशी जास्त काढल्या, तरी आबा होते तसेच. अक्काताई वैतागल्या. नंतर एका सकाळी त्या हार घालायला गेल्या तेव्हा आबांच्या कोटाचं खालचं बटण दिसत होतं. त्याच्याखाली धोतराच्या निऱ्या. त्याच्याखाली मांड्या.

बैठकांचं मांड्यांना गेलं होतं, आणि मांड्या फोटोत नव्हत्या. त्यांना जागा करून द्यायला फोटो खाली वाढला होता. चौकटीचं लाकूडही वाढलं होतं. सांधा कुठं दिसत नव्हता.

संध्याकाळी अक्काताईंचा मुलगा दिग्विजय सूतगिरणीतून आला. चपला काढताना त्यानं भिंतीकडं बघितलं.

"टीव्हीला लागतील आबांचे गुडघे," तो म्हणाला, आणि त्यानं टीव्ही काढून समोरच्या भिंतीला लावला.

"तुला काही वाटत नाही का रे?" अक्काताईंनी विचारलं.

"काय वाटायचंय? बरे दिसतायत."

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिला चहा फोटोपुढं ठेवला. पहिला चहा आजवर अक्काताईंचा होता. आठवड्यानं घराच्या रंगाची गोष्ट निघाली, तर अक्काताई बोलत असताना त्यानं मान वळवून भिंतीकडं बघितलं. "आबांना विचारतो," म्हणाला. अक्काताईंची खुर्ची हॉलच्या मधोमध असायची, ती कुणीतरी बाजूला सरकवली होती. का, ते बघितलं तर काच पुढं आली होती. पोळी तव्यावर फुगते तशी काच फुगली होती, आणि आतून आबांचं पोट तिला टेकलं होतं.

"झालं आता," अक्काताई शलाकाला म्हणाल्या. "बास कर. चटई गुंडाळ."

शलाकानं चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. पण पाणी एकदा सोडलं होतं. आता दोरी लागत नव्हती, चटई लागत नव्हती. पोळ्या लाटल्या तरी जायचं. जिना चढली तरी जायचं. कपडे पिळले की आबांची मनगटं फुगायची. अक्काताईंनी सुनेच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, केरसुणी काढून घेतली. कितीतरी वर्षांनी त्या स्वतः ओट्यापाशी उभ्या राहिल्या. शलाकाला त्यांनी कॉटवर बसवलं आणि डिंकाचे लाडू खायला घातले, भातावर तूप घातलं, वर दुधाचा पेला दिला. शलाकानं सगळं निमूट खाल्लं. दिवस मावळायच्या आत आबांच्या मिशा तुपानं चकाकायला लागल्या.

डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं. काटा हलला नाही. त्यांनी काट्याला हलकी लाथ मारली, परत बघितलं, आणि शलाकाशी हात मिळवला.

"उत्तम," ते म्हणाले. "फार कमी पेशंट इतकं मनावर घेतात."

"ती संपत चाललीय," अक्काताई म्हणाल्या.

"आजी, तुम्हीही थोडं मनावर घ्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग गल्लीतल्या बायका यायला लागल्या. कुठला व्यायाम केला, ते त्यांना हवं होतं. सुलोचनावहिनी आपल्या सासऱ्यांचा फोटो पिशवीतून घेऊनच आल्या होत्या. बायका आबांच्या भिंतीपुढं रांगेनं उभ्या राहायच्या आणि बोट दाखवून विचारायच्या: हे दंड कशानं आले? ही छाती कशानं आली? अक्काताईंनी त्यांना हाकलून लावलं. जाताना बायका म्हणाल्या, असतो एकेकाचा स्वभाव, चांगलं आपल्याशीच ठेवायचं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. दुपारी अक्काताईंनी पंखा लावला.

"आत्ती, पंखा बंद करा," शलाका कॉटवरून म्हणाली.

"का गं? उकडतंय किती."

"मी हलतेय."

अक्काताईंनी बघितलं. ती खरंच हलत होती, दोरीवरच्या टॉवेलसारखी, एका बाजूनं. त्यांनी पंखा बंद केला, पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला. आजवर शलाका जिन्यावरून उतरली की वरच्या मजल्यावर कळायचं. आता ती शेजारी येऊन उभी राहिली तरी कळत नव्हतं. शुक्रवारी दारातल्या रांगोळीवरून ती चालत गेली आणि रांगोळी मोडली नाही. संध्याकाळी दिग्विजय कामावरून आला, त्यानं पँट काढून घडी घातली आणि कॉटवर, बायकोच्या अंगावर ठेवली.

"अरे मेल्या, ती आहे तिथं!" अक्काताई ओरडल्या.

"राहू दे, आत्ती," घडीखालून शलाका म्हणाली. "बरं वाटतंय. तेवढंच वजन."

दिग्विजयनं आईकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. "ओरडू नको," तो म्हणाला. "आबांना आवडत नाही."

फोटो उतरवायचा प्रयत्न अक्काताईंनी दोनदा केला. पहिल्यांदा खिळा निघाला, पण फोटो जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरून आपलं सगळं अंग मागं टाकलं, तेव्हा फोटो नाही, भिंत पुढं आली. हॉल एका फरशीनं अरुंद झाला. आबांच्या पोटऱ्या दिसू लागल्या होत्या.

त्या दिवशी भाजी निवडताना अक्काताई सवयीनं म्हणाल्या, "बसून बसून कॉटला भोक पाडशील गं." आणि उत्तराची वाट बघत राहिल्या. उत्तर आलं नाही. त्यांनी मान वर केली. शलाकाचे ओठ हलले होते, पण तिनं ते परत मिटले.

"बोल की."

"उलट बोललं की दमायला होतं," शलाका म्हणाली. "दमलं की जातं."

आबांचा गळा तेवढ्यात थोडा भरला.

सून कधीतरी गप्प बसेल, या दिवसाची अक्काताईंनी लग्नापासून वाट बघितली होती. त्या मेथीची जुडी हातात धरून बसून राहिल्या. घरात आता फक्त फोटोच्या श्वासाचा आवाज होता. काच वर-खाली होत होती. त्यांनी जुडी टाकली आणि गुरुजींना फोन लावला.

"सोडलेलं पाणी परत घेता येत नाही," गुरुजी म्हणाले. मागं कुठंतरी पंगतीचा गलका होता. "त्यांची तृप्ती झाली की आपोआप थांबेल."

"कधी होणार तृप्ती?"

"त्यांची भूक किती होती?"

अक्काताईंना सांगता येईना. आबांनी ताटात कधी काही मागून घेतलं नव्हतं. त्यांची भूक कुणाला माहीतच नव्हती.

"पोरगी जाईल हो तोवर."

"मग तिच्या जागी दुसऱ्यानं सोडावं लागेल. त्यांचं घेणं त्याच्यावर जाईल. घरात भरल्या अंगाचं कुणी आहे?"

"मी आहे."

"चालेल. नाव घेऊन सोडायचं. नाव घ्यायलाच पाहिजे. 'अहो'च्या नावानं पाणी पोचत नाही. आणि अक्काताई, सोडाल ते गेलं. मागनं मला फोन करू नका."

अक्काताईंनी फोन ठेवला. नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं. लग्नात बायका उखाण्यासाठी मागं लागल्या तेव्हा त्या दात दुखतोय म्हणून गप्प बसल्या होत्या. पुढं 'अहो', 'हे', 'घरचे'. एकदा हॉस्पिटलात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, तर त्यांनी रेशनकार्ड पुढं केलं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं. आता आबांना कमी व्हायला आयुष्य नव्हतं. उलट आबा रोज वाढत होते. म्हणजे नाव घेऊन झालंच तर बरंच होईल, असा हिशेब अक्काताईंनी मांडला, आणि त्यात त्यांना काही चूक सापडली नाही.

भर दुपार होती. दिग्विजय कामावर गेला होता. शलाकाला त्यांनी कॉटवर उताणं निजवलं होतं, अंगावर दोन गाद्या घातल्या होत्या आणि जुन्या लुगड्यानं ती सगळी चळत कॉटला बांधली होती. तरी मधलं लुगडं ताठ झालं होतं. खालून वर कुणीतरी ढकलत असल्यासारखं.

"काय करताय, आत्ती?" गाद्यांमधून आवाज आला. कागद चुरगळावा एवढाच.

"गप पड. बोलू नको."

"दोरी कशाला काढलीय माळ्यावरनं?"

"मला बारीक व्हायचंय."

"ह्या वयात कुणाला दाखवायचंय?" शलाका म्हणाली, आणि लुगडं बोटभर वर उचललं गेलं.

अक्काताईंना हसू आलं. ते त्यांनी आवरलं. ताम्हण फोटोपुढं ठेवलं, त्यात तीळ टाकले, पदर खोचला. आबा समोर होते. आता ते उभे होते. डोकं छताला टेकत होतं, टोपी काढून त्यांनी हातात धरली होती, आणि खाली दोन भले थोरले पाय जमिनीपासून वीतभर उंचीवर लोंबत होते. नखं वाढलेली. डोळे मात्र जुनेच होते. मागून न घेणारे.

अक्काताईंनी तळहातावर पाणी घेतलं. तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. जीभ त्या अक्षरांना अनोळखी होती. त्यांनी परत ओठ ओले केले.

"जोतीराम," त्या म्हणाल्या, आणि पाणी सोडलं.

"ओ," आबा म्हणाले.

आवाज भरदार होता, खालच्या मजल्यापर्यंत जाईल असा. कॉट करकरली. लुगडं ढिलं पडलं आणि दोन्ही गाद्या एकदम दबल्या.

"आत्ती," शलाका म्हणाली, आणि या खेपेस तो तिचा आवाज होता, "मला जड वाटतंय. सोडा मला. काय चाललंय तिकडं?"

"काही नाही," अक्काताई म्हणाल्या. "व्यायाम."

त्यांनी लाकडी मुठी घट्ट धरल्या, दोरी डोक्यावरून फिरवली आणि पहिली उडी मारली.

पाय जमिनीला टेकल्याचा आवाज झाला. जड, सावकाश, घरधन्याचा. कपाटातली भांडी वाजली.

अक्काताई अजून वरच होत्या.